ऊन तुमचं, भाव कुणाचा?

गावाकडच्या माळरानासाठी सोलर कंपनीची ऑफर आलीय? एकट्याने सही करून मोकळं व्हायचं, की बांधाशेजारच्या सगळ्यांना घेऊन टेबलावर बसायचं? संगमनेरच्या निमित्ताने पंचवीस-तीस वर्षांच्या एका सौद्याचा हिशेब.

रविवारची सकाळ आहे. तुम्ही हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये दुसरा चहा घेताय आणि गावाहून चुलत्यांचा फोन येतो. ‘अरे, माळावरच्या रानासाठी सोलरवाले आले होते. एकरी पन्नास हजार भाडं देतो म्हणतात वर्षाला. सातबाऱ्यावर तुझं पण नाव आहे, सही लागंल. कधी येतोस?’

तुम्ही मनातल्या मनात गुणाकार करता. तीन एकर म्हणजे वर्षाला दीड लाख. गाडीचे बरेचसे हप्ते निघाले! ज्या रानात चांगल्या पावसाच्या वर्षी बाजरी होते आणि वाईट वर्षी फक्त कुसळं, तिथून घरबसल्या दीड लाख. पुढच्याच शनिवारी शिवनेरी पकडून संगमनेर गाठावं आणि सही ठोकून यावी, असं वाटणं अगदी साहजिक आहे.

जरा थांबा बॉस. सही करायला दोन मिनिटं लागतात, पण ती पुढची पंचवीस-तीस वर्षं बोलत राहते. आज तिशीत असाल तर करार संपेल तेव्हा तुम्ही रिटायरमेंटच्या फॉर्मवर सह्या करत असाल.

गॅस सरकारचा, ऊन आपलं

जमीन न विकता तिच्यातून निघणाऱ्या ऊर्जेवर भाडं घ्यायचं, हा खेळ अमेरिकेत जुना आहे. तिथे बहुतेक ठिकाणी जमिनीच्या मालकाकडे खालच्या खनिजाचाही हक्क असतो. म्हणजे शेताखाली नैसर्गिक वायू सापडला तर कंपनीला शेतकऱ्याच्या दारात यावं लागतं, लीज करावं लागतं, एकरी बोनस आणि वर रॉयल्टी द्यावी लागते.

आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवर हक्क शासनाचा. तेल आणि वायू शोधण्याचे परवानेही सरकारच देतं. उद्या प्रवरेच्या काठी गॅस सापडलाच, तरी भाव ठरवायला तुम्हाला कुणी बोलावणार नाही. आपल्या शेतकऱ्याची गॅसशी गाठ पडते ती पाइपलाइनच्या निमित्ताने. १९६२ च्या कायद्याने कंपनीला जमिनीचा फक्त ‘वापराचा हक्क’ मिळतो. मालकी तुमचीच राहते, पण त्या पट्ट्यावर घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही, झाड लावायचं नाही. या हक्काची भरपाई बाजारभावाच्या १० टक्के. इथे घासाघीस नावाचा प्रकारच नाही.

जमिनीवर पडणाऱ्या उन्हाचं मात्र वेगळं आहे. त्याच्यावर कुणाची सनद नाही. ज्याची जमीन, त्याच्याशीच बोलावं लागतं. म्हणून पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्याने गॅससाठी जो धडा गिरवला, तो साकूर-घारगावच्या पठारावरच्या माणसालाही आज उपयोगी आहे.

पन्नास हजारांचा हिशेब

हा पन्नास हजारांचा आकडा आला कुठून? राज्य सरकारच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून. शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, त्यासाठी गावाजवळच्या उपकेंद्राच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभारायचे, अशी ही कल्पना. योजना २०१७ ची. सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच जिल्ह्यात, राळेगणसिद्धीला झाला. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली. त्यात खासगी जमिनीसाठी वर्षाला हेक्टरी १ लाख २५ हजार रुपये, किंवा सरकारी मूल्यांकनाच्या ६ टक्के, यांतलं जे जास्त असेल ते भाडं ठरलं. दर वर्षी त्यात ३ टक्के वाढ. हेक्टर म्हणजे साधारण अडीच एकर, म्हणून एकरी पन्नास हजार.

आता कॅल्क्युलेटर काढा. ही ३ टक्के वाढ सरळ पद्धतीची आहे, म्हणजे दर वर्षी मूळ रकमेवर. पन्नास हजारांचे पंचविसाव्या वर्षी होतात ८६ हजार. तीच वाढ चक्रवाढ असती तर एक लाखाच्या थोडं वर गेली असती. आणि महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आजच्या पन्नास हजारांत जे येतं ते घ्यायला तेव्हा १ लाख ६० हजार लागतील. म्हणजे कागदावर भाडं वाढत जाणार आणि खिशात त्याची ताकद निम्म्यावर येणार.

तरीही कोरडवाहू माळासाठी ही रक्कम वाईट नाही, हेही खरंच. पावसाची वाट न बघता पैसा येतो, खतं-औषधांचा खर्च नाही, मजूर शोधायला नको. प्रश्न एवढाच आहे की हा आकडा तळ आहे की छत? सरकारी योजनेत दर ठरलेला असतो, तिथे भावावर फार बोलता येत नाही. पण अटींवर नक्की बोलता येतं. आणि एखादी खासगी कंपनी कारखान्यांना वीज विकण्यासाठी जमीन शोधत असेल, तर तिथे दर मोकळा. सरकारी आकडा तिच्यासाठी फक्त बोलण्याची सुरुवात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा, प्रकल्प नेमका कुठल्या योजनेतला आणि वीज कोण घेणार?

एकट्याला गाठलं की स्वस्तात पटतं

एक मेगावॅटला ढोबळमानाने चार-पाच एकर लागतात. पाच मेगावॅटचा प्रकल्प म्हटलं की वीस-पंचवीस एकर, तेही सलग. आपल्याकडे वाटण्या होऊन होऊन तुकडे एवढे लहान झालेत की एवढ्या पट्ट्यात सहज दहा-पंधरा खातेदार निघतात, आणि एकेका खात्यावर पाच-सात नावं.

कंपनीचा माणूस म्हणून एकेकाला गाठतो. आधी रस्त्याकडेचा गट नंबर, मग उपकेंद्राच्या बाजूचा. ‘तुमच्या शेजाऱ्याने कालच सही केली, तुम्हीच राहिलात.’ ही लाइन ओळखीची वाटते ना? क्रेडिट कार्ड विकणाराही हेच बोलतो. प्रत्येक शेतकऱ्याला फक्त आपला भाव माहीत असतो, कंपनीला मात्र सगळ्यांचे. सगळी गोम इथेच आहे. शेतकरी अडाणी असतो म्हणून फसतो, असं मुळीच नाही. एकट्याकडे माहिती कमी असते, एवढंच. तुम्ही ऑफिसात शेजारच्या क्यूबिकलमधल्याचा पगार न कळता अप्रेझलला बसता, तेव्हा तुमचंही हेच होतं.

गट केला की दोन गोष्टी बदलतात. भाव झाकून राहत नाही, ही पहिली. दुसरी जास्त महत्त्वाची. गट कंपनीला काहीतरी देऊ शकतो. सलग जमीन, एकच बैठक, एकच वकील, सगळ्यांचे उतारे एका फायलीत. मधला एखादा अडून बसला आणि अख्खा लेआउट वाकडा झाला, ही कंपनीची सर्वांत मोठी डोकेदुखी. ती कमी होणार असेल तर ती चार पैसे जास्त मोजू शकते. म्हणजे गट करणं हे धमकावणं नाही. होलसेलचा माल होलसेलच्या भावात विकणं, एवढाच त्याचा अर्थ.

पेनसिल्व्हेनियात हेच घडलं. २००६ च्या सुमाराला डिमॉक नावाच्या खेड्यात लोकांनी एकरी २५ डॉलरवर गॅसची लीजं करून दिली. पुढच्या दोनच वर्षांत मार्सेलस शेल या खडकात केवढा वायू आहे हे कळलं, आणि २००८ पर्यंत त्या भागात एकरी हजारो डॉलरची भाषा सुरू झाली. आधी सह्या केलेले हात चोळत बसले. कायद्याने किमान साडेबारा टक्के रॉयल्टी होती, तेवढीच पदरात. उरलेल्यांनी शेजाऱ्यांचे गट केले, हजारो एकर एकत्र मांडले, वकील लावला आणि कंपन्यांना एकमेकींविरुद्ध बोली लावायला सांगितलं. गंमत म्हणजे सही शेवटी प्रत्येकाने आपापल्या लीजवरच केली. फक्त मसुदा सगळ्यांचा एक. भावाबरोबर विहिरीच्या पाण्याच्या तपासणीसारख्या अटीही त्यात घालता आल्या.

पण हुरळून जाऊ नका. सीमेपलीकडे, न्यूयॉर्क राज्यातही असेच गट झाले होते. जास्त भावाची वाट बघत बसले. तिथल्या सरकारने २००८ पासून ही खोदाई रोखून धरली आणि डिसेंबर २०१४ मध्ये थेट बंदीच जाहीर केली. वाट बघणाऱ्यांच्या हाती भोपळा आला. (पाणी-हवेची काळजी असलेल्या त्यांच्याच शेजाऱ्यांनी मात्र सुटकेचा श्वास सोडला.) गटाला वेळ लागतो, आणि वेळ नेहमी तुमच्याच बाजूने असतो असं नाही.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

अजिबात नाही. उलट नगर जिल्ह्याला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, एकत्र येण्याचं काय शिकवायचं? विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखे अर्थतज्ज्ञ सोबत आले आणि १९५० मध्ये प्रवरेच्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केलं. संगमनेरात भाऊसाहेब थोरातांनी साखर कारखाना आणि दूध संघ उभा केला. दोन गाईंच्या दुधाला बाजारात कोण विचारतो? पण तेच दूध संघाच्या टँकरमधून गेलं की भाव मिळतो. एवढं साधं गणित आहे. मग दुधाला जे कळलं ते उन्हाला का कळू नये?

जमिनीच्या बाबतीत तर आपल्या डोळ्यांसमोर मगरपट्टा आहे. तुमच्यातल्या अर्ध्यांचं पहिलं ऑफिस तिथेच असेल! हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी १९९० च्या दशकात आपली चारशेच्या आसपास एकर जमीन बिल्डरला तुकड्यातुकड्याने विकली नाही. सतीश मगर यांच्या पुढाकाराने एकत्र कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात शेअर घेतले. ज्या आयटी पार्कमध्ये तुम्ही स्वाइप करून आत जाता, त्याच्या भाड्याचा वाटा कालच्या ऊस लावणाऱ्यांच्या घरी जातो.

सोलरचंच उदाहरण हवं असेल तर कर्नाटकात, तुमकुरू जिल्ह्यातल्या पावगड्याला चला. तिथल्या पाच गावांत मिळून सुमारे १३ हजार एकर जमीन भाड्याने घेऊन २,०५० मेगावॅटचं सोलर पार्क झालं. जमीन विकत घेतली नाही, भाड्यानेच घेतली. एकरी २१ हजार रुपये वर्षाला, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ, मुदत २८ वर्षं. सगळ्यांना एकच दर आणि मध्ये सरकारी कंपनी, त्यामुळे घासाघीस नाही आणि भाडं बुडायची भीती कमी. दुसरी बाजूही आहे. ज्यांच्याकडे जमीन होती त्यांना भाडं मिळालं, पण त्याच शेतांवर मजुरी करणाऱ्या भूमिहीनांचं काम गेलं. भाडेकरारात त्यांच्या नावाचा रकाना नव्हता.

निळवंड्याचं पाणी आणि माळाची किंमत

संगमनेरकरांसाठी एक खास मुद्दा. निळवंडे धरणाची कल्पना मांडली गेली १९७० मध्ये. तळेगाव दिघे, निमोणकडच्या दुष्काळी पट्ट्यात किती पिढ्या ‘पाणी येणार, येणार’ ऐकत म्हाताऱ्या झाल्या. अखेर ३१ मे २०२३ रोजी डाव्या कालव्यात चाचणीचं पाणी सुटलं आणि २६ ऑक्टोबर २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते ८५ किलोमीटरच्या या कालव्याचं लोकार्पण झालं.

आता विचार करा. ज्याने याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, ‘पडीकच तर आहे’ म्हणत तीस वर्षांसाठी रान भाड्याने दिलं असतं, त्याच्या बांधावरून आज पाणी वाहिलं असतं आणि त्याच्या रानात काचेची पॅनलं असती. उलट पठारावरच्या, कालव्याच्या उंचीच्या वर असलेल्या खडकाळ तुकड्याला हे पाणी पोचणारच नाही. त्याच्यासाठी सोलर हे खरोखर सोनं. एकाच तालुक्यात, एकाच भावकीत, दोन तुकड्यांची उत्तरं वेगळी असू शकतात. म्हणून गट करताना ‘सगळ्यांची सगळी जमीन’ असा हट्ट नको. कुठली द्यायची नाही हे आधी ठरवा. डाळिंबाची बाग, विहिरीचा तुकडा, कालव्याखालचं रान बाजूला काढा आणि मग बोला.

भावकी, बहिणी आणि तुम्ही

गटाची खरी परीक्षा कंपनीपुढे होत नाही, घरातल्या ओसरीवर होते. सामाईक खात्यावर सगळ्यांच्या सह्या लागतात. आणि सगळ्यांच्या म्हणजे बहिणींच्याही. २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतकाच हक्क दिला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. ‘ताई काय, हो म्हणेल’ हे गृहीत धरू नका. ताईला फोन करा, आकडे सांगा, भाड्यातला वाटा थेट तिच्या खात्यात जाईल असं करारातच लिहा.

जुन्या माणसांना आणखी एक धास्ती असते, ‘कूळ लागंल’ ही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कसणाऱ्याच्या नावावर गेलेल्या जमिनींच्या गोष्टी प्रत्येक घरात आहेत. कूळकायदा हा कसण्याबद्दलचा आहे, सोलरचा करार बिगरशेती वापराचा. तरी ही शंका हसण्यावारी नेऊ नका. वकिलाकडून त्यांच्यासमोर उत्तर घ्या. समोर बसून ऐकलं की म्हाताऱ्या माणसाला झोप लागते.

आणि आता अवघड गोष्ट. तुमच्या वाट्याचं रान इतकी वर्षं कोण करतंय? बहुतेक घरांत चुलते, चुलतभाऊ, नाहीतर वाट्याने करणारा कुणी. सोलर आलं की तुम्हाला पुण्यात बसून भाडं मिळेल. त्यांचा मात्र रोजचा उद्योग जाईल, बैलांची, शेळ्यांची वैरण जाईल. सातबाऱ्यावर हिस्सा सारखा असला तरी घामाचा हिस्सा सारखा नव्हता. मग भाडं अगदी समान वाटायचं, की कसणाऱ्याला थोडं झुकतं माप द्यायचं? याचा कायदा नाही. पण हे आधी बोललं नाही, तर पुढची तीस वर्षं दिवाळीला गावी जाताना पाय जड होतील.

चौकट : सहीआधीची चेकलिस्ट

• संमतीपत्र म्हणजे करार नव्हे, पण ते जमीन अडकवून ठेवू शकतं. त्याला मुदत घाला आणि त्या काळासाठी अनामत मागा.

• गटाच्या प्रतिनिधीला फक्त बोलणी करण्याचा अधिकार लिहून द्या. सही करण्याचं कुलमुखत्यारपत्र देऊ नका. सही ज्याची त्याने, मसुदा सगळ्यांचा एक.

• रस्त्याच्या कडेच्या आणि आतल्या जमिनीला एकच दर की वेगळा? रस्त्यासाठी, ट्रान्सफॉर्मरसाठी जमीन गेली तर काय? प्रकल्पातून कुणाचा तुकडा वगळला तर काय? हे कंपनी यायच्या आधी आपसात ठरवा.

• गटालाही तारीख हवी. ‘अमुक महिन्यापर्यंत जमलं नाही तर प्रत्येक जण मोकळा.’ नाहीतर न्यूयॉर्क होतं.

• भाडं कुठल्या दिवसापासून सुरू? सहीच्या, ताब्याच्या की वीज सुरू झाल्याच्या? उशीर झाला तर व्याज किती? देणार कोण?

• वाढ सरळ की चक्रवाढ, हे आकड्यांचा तक्ता जोडूनच लिहून घ्या.

• कंपनी कर्ज काढेल. ते तिच्या भाडेहक्कावर असावं, तुमच्या मालकीवर बोजा चढता कामा नये. तुमचा सोसायटीचा बोजा असेल तर तोही आधी निस्तरा.

• कंपनी विकली गेली, बुडाली किंवा मुदत संपली, तर पॅनल, खांब, काँक्रीट कोण काढणार? त्यासाठी आधीच बँक गॅरंटी मागा.

• एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदणीकृतच हवा. दुय्यम निबंधकाकडे नोंद झाल्यावर सातबाऱ्याच्या इतर हक्कात काय लागलंय, ते ऑनलाइन उतारा काढून स्वतः वाचा.

• या योजनेत ग्रामपंचायतीलाही तीन वर्षं दर वर्षी ५ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. ग्रामसभेत त्याचा हिशेब विचारा. ज्यांची जमीन नाही, त्यांच्या वाट्याला येईल ते यातूनच.

मग एकट्याने की गटाने?

तुमची जमीन उपकेंद्राला लागून असेल, वीसेक एकर सलग असेल आणि खात्यावर एकच नाव असेल, तर तुम्ही एकट्याने बोललात तरी चालेल. कंपनीच तुमच्या मागे येईल. पण असे भाग्यवान किती? बाकीच्यांचे तुकडे दोन-तीन एकरांचे. त्यांची किंमत शेजारच्या तुकड्याला जोडूनच होते. योजनेतही किमान ३ एकरांची अट आहे आणि शेतकऱ्यांच्या गटाला, सहकारी संस्थेला अर्ज करता येतो. म्हणजे दार उघडं आहे, आत जायला चार माणसं जमवायची आहेत.

आणि इथेच तुमच्यासारख्यांची खरी गरज लागते. गावाकडे माणसं जमवता येतात, ओसरीवर बैठक घेता येते. कमी पडतं ते एक्सेल शीट, मसुद्याचं बारीक वाचन आणि ‘सर, हे कलम आम्हाला मान्य नाही’ असं शांतपणे सांगणारं कुणी. ते तुम्ही रोज ऑफिसात क्लायंटसाठी करताच की! या वेळी क्लायंट घरचा आहे. फी म्हणून फार तर हुरडा मिळेल, पण तीस वर्षांनी कुणी तुम्हाला ‘तेव्हा कुठे होतास?’ असं विचारणार नाही.